सरांचा संगणक आणि अठ्ठेचाळीस अंक

आमच्या शाळेत भूगोल शिकवणारे एक सर निवृत्तीनंतरही पावसाळ्यात रोज शाळेत येत. सकाळी बरोबर साडेआठ वाजता आवारातल्या पर्जन्यमापकातले पाणी मोजत आणि वहीत नोंद करत. असे सव्वीस पावसाळे झाले. पुढे जुन्या वह्यांना वाळवी लागली. तेव्हा सरांनी लॅपटॉप घेतला, एका बोटाने टंकलेखन करत सगळे आकडे त्यात भरले आणि वाळवीने पोखरलेल्या वह्या टाकून दिल्या.

दोन वर्षांपूर्वी सर अचानक गेले. पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली.

"काका, बाबांचा लॅपटॉप उघडत नाही. पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. दुकानात नेला, तर त्यांनी थोडी खटपट केली आणि म्हणाले, फॉरमॅट करून देतो, अगदी नव्यासारखा होईल."

नव्यासारखा झाला असता हे खरेच. पण सव्वीस पावसाळे गेले असते. शिवाय सरांच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, विम्याच्या पावत्या आणि नातवंडांचे फोटोही त्यातच होते. दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याच्या दृष्टीने बिघडलेले यंत्र चालू करून द्यायचे होते. घरच्यांना यंत्र नको होते, आतले हवे होते.

असा प्रसंग आज कोणत्याही घरात येऊ शकतो. म्हणून 'संगणकाला कुलूप आहे' म्हणजे नेमके काय आहे, हे समजून घेऊ. कुलपाचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. आपल्यासमोर त्यातला कोणता आहे यावर पुढचे सारे अवलंबून असते.

पासवर्ड संगणकात नसतोच

आपण पासवर्ड टाकतो आणि संगणक तो बरोबर की चूक ते सांगतो. म्हणजे खरा पासवर्ड त्याच्याकडे कुठेतरी लिहिलेला असणार, असे आपल्याला वाटते. सुरुवातीला तसेच होते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६१ साली एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था तयार झाली. तिथे प्रत्येकाला पासवर्ड असे आणि सर्वांचे पासवर्ड एका फाइलीत असत. एकदा काही गफलतीने ही फाइल आणि रोजच्या सूचनेची फाइल यांची अदलाबदल झाली. जो कोणी संगणकापुढे बसला त्याला सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसले!

यावर उपाय निघाला तो असा: पासवर्ड साठवायचाच नाही, फक्त त्याचा 'ठसा' साठवायचा. बेल प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली या पद्धतीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

ठसा म्हणजे काय, हे वर्गात करून पाहता येईल. चार अंकी संख्या घ्या, तिचा वर्ग करा आणि आठ अंकी उत्तरातले मधले चार अंक ठेवा. समजा ३७१२ घेतले. त्याचा वर्ग १,३७,७८,९४४. मधले चार अंक ७७८९. हा झाला ३७१२ चा ठसा. आता ३७१३ घ्या. वर्ग १,३७,८६,३६९ आणि ठसा ७८६३. मूळ संख्येत एकाचाच फरक, पण ठसा बराच बदलला.

आता उलट करून पाहा. फक्त ७७८९ सांगून मुलांना मूळ संख्या विचारा. सरळ मार्ग सापडत नाही; एकेक संख्या घेऊन वर्ग करत बसावे लागते. जायला सोपा आणि परतायला अवघड, असा हा रस्ता आहे. संगणक नेमके हेच करतो. आपण टाकलेल्या शब्दाचा ठसा काढतो आणि साठवलेल्या ठशाशी ताडून पाहतो. म्हणूनच 'आतून पासवर्ड काढून द्या' असे म्हणण्यात अर्थ नसतो. तो आत नाहीच.

(आपल्या प्रयोगात दोन संख्यांचा ठसा एकच येऊ शकतो. प्रत्यक्षात वापरतात ती सूत्रे खूप गुंतागुंतीची असतात.)

पहिले कुलूप: दाराशी बसलेला पहारेकरी

ठसा जुळला नाही तर संगणक आपल्याला आत सोडत नाही. पण हे अडवण्याचे काम करते कोण? विंडोजसारखी संचालन प्रणाली. ती चालू असते तोपर्यंतच तिचा पहारा. लॅपटॉपमधली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर तिथे पहारेकरी दुसरा असतो आणि त्याला या डिस्कविषयी काही देणेघेणे नसते. डिस्कवरच्या फाइली साध्या रूपात असतील, तर त्या सरळ वाचता येतात.

वाड्याच्या दिंडीदरवाज्यावर पहारेकरी आहे, पण मागची भिंत पडलेली आहे, तशी ही स्थिती. बऱ्याच जुन्या संगणकांत एवढेच कुलूप असते. तिथे माहितगार माणूस तासाभरात फाइली काढून देऊ शकतो, मूळ पासवर्ड कधीच कळला नाही तरी.

अर्थात चोरालाही तेच जमते. म्हणून दुसरे कुलूप आले.

दुसरे कुलूप: डिस्कवरची अक्षरेच बदललेली

या प्रकारात डिस्कवर जे काही लिहिले जाते ते कूटबद्ध करूनच लिहिले जाते. डिस्क काढून दुसरीकडे जोडली तरी अर्थहीन चिन्हांची रांगच हाती लागते. वाड्याची भिंत पाडून आत गेलो, आणि आतल्या सगळ्या वह्या कुणालाही न कळणाऱ्या लिपीत लिहिलेल्या निघाल्या, असे समजा.

विंडोजमध्ये ही सोय 'बिटलॉकर' या नावाने २००७ साली व्हिस्टा आवृत्तीबरोबर आली. अ‍ॅपलच्या संगणकांत संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणारी 'फाइलव्हॉल्ट' ही सोय २०११ पासून आहे. आता तर अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की कूटबद्धीकरण आपोआप सुरू होते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सरांनाही तो सुरुवातीला नसावा.

मग किल्ली कुठे असते? लॅपटॉपच्या मुख्य पाटीवर एक छोटी सुरक्षा-चिप असते. रोज संगणक सुरू होताना ही चिप पाहते, की सुरू होण्याची पद्धत नेहमीचीच आहे ना. तशी असेल तर ती गुपचूप किल्ली देते. काही बदल आढळला तर देत नाही. दुकानदाराने पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करण्यासाठी काही मांडणी बदलली होती. चिपला ते परके वाटले. त्यामुळे पासवर्डाच्या जागी एक निळा पडदा आला आणि त्याने ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागितली.

अंदाजाने किती वेळ लागेल?

"काका, एखादा हुशार हॅकर ही किल्ली शोधू शकणार नाही का?" मुलीने विचारले. आम्ही गणितच केले.

आधी पासवर्ड घेऊ. आठ लहान इंग्रजी अक्षरांचा पासवर्ड असेल, तर शक्यता २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी. ठसा हाती असेल आणि संगणक सेकंदाला शंभर कोटी शक्यता तपासत असेल, तर सगळ्या तपासून व्हायला साडेतीन मिनिटे पुरतात.

आता किल्ली. ४८ अंकांमागे दडलेल्या किल्लीच्या शक्यता २ चा १२८ वा घात इतक्या आहेत. म्हणजे सुमारे ३४ आणि त्यापुढे ३७ शून्ये. या वेळी संगणक हजारपट वेगवान घेऊ, सेकंदाला एक लाख कोटी शक्यता तपासणारा. तरीही सगळ्या तपासायला लागणारी वर्षे म्हणजे १ वर सुमारे १९ शून्ये. विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे आहे. त्याच्या ७८ कोटी पट! जगातले सगळे संगणक कामाला लावले तरी काही फरक पडणार नाही.

इथे कोणाच्याही हुशारीचा उपयोग नाही. दुसरे कुलूप फोडता येत नाही, किल्लीच शोधावी लागते. 'शंभर टक्के उघडून देतो' असे सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे, तेही याचसाठी.

डायरीतले शेवटचे पान

मी मुलीला सांगितले, "अगं, लॅपटॉप बाजूला ठेव. आधी घरातले कागद पाहा. सहा-सहा अंकांचे आठ गट कुठे लिहिलेले दिसतात का?"

दुसऱ्या दिवशी वहिनींना सरांच्या जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर ते सापडले. त्यांना ते विमा पॉलिसीचे क्रमांक वाटले होते. लॅपटॉप पूर्वी एकदा दुरुस्तीला गेला होता. तेव्हाही तो निळा पडदा आला असावा आणि सरांनी किल्ली उतरवून ठेवली असावी. पण एक अडचण होती. सरांनी अंक देवनागरीत लिहिले होते आणि शाई फुटली होती. एका गटात दोन ठिकाणी १ आहे की ९, ते कळेना.

या ठिकाणी सहावीतले गणित उपयोगी पडले. बिटलॉकरच्या किल्लीतला सहा अंकांचा प्रत्येक गट ११ ने भाग जाणारा असतो. ० ते ६५,५३५ यांपैकी एक संख्या घेऊन तिला ११ ने गुणून तो गट तयार केलेला असतो. त्यामुळे दोन तपासण्या मिळतात. एक, गट ६५,५३५ × ११ म्हणजे ७,२०,८८५ पेक्षा मोठा असू शकत नाही. दोन, ११ ची कसोटी लागू पडली पाहिजे: अंकांची आलटून पालटून बेरीज-वजाबाकी केली तर उत्तर ० किंवा ११ च्या पटीत यावे.

सरांची किल्ली अर्थातच इथे देणार नाही, पण तसाच एक गट घेऊ. पहिला आणि चौथा अंक संशयित आहे: □४६□८२. पहिला अंक ९ असता तर संख्या नऊ लाखांवर गेली असती. ते शक्य नाही. म्हणून तो १. चौथा अंक १ धरला तर १ − ४ + ६ − १ + ८ − २ = ८. जमत नाही. चौथा ९ धरला तर १ − ४ + ६ − ९ + ८ − २ = ०. जमले! गट १४६९८२ आणि तो ११ × १३,३६२ आहे.

उतरवून घेताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले, तर ही कसोटी ती चूक नक्की पकडते. का, ते विद्यार्थ्यांनी सिद्ध करून पाहावे.

किल्ली टाकल्यावर निळा पडदा गेला आणि मागे उभा होता तो जुना पहारेकरी, विंडोजचा पासवर्ड! म्हणजे लॅपटॉपला दोन्ही कुलपे होती. पण आता किल्ली हातात होती. आम्ही डिस्क काढून शाळेच्या संगणकाला जोडली. त्याने तीच किल्ली मागितली, ती दिली आणि फाइली दिसू लागल्या. सर्वांत आधी त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली. (काही लॅपटॉपमध्ये डिस्क पाटीवरच पक्की बसवलेली असते, तिथे असे करता येत नाही.)

अशी वेळ आल्यास

पहिली गोष्ट, अंदाजाने पासवर्ड टाकत बसू नये. सुरक्षा-चिप चुकीचे प्रयत्न मोजते आणि काही प्रयत्नांनंतर दार अडवून धरते. चार अंकी पिन आपल्याला पुरेशी वाटते ती या मोजणीमुळेच.

दुसरी, फॉरमॅट किंवा 'रीसेट' करू नये. कूटबद्ध डिस्क पुसली आणि किल्लीही गेली, तर परत मिळवण्यासारखे काही उरत नाही.

तिसरी, गेलेल्या व्यक्तीचा मोबाइल क्रमांक घाईने बंद करू नये. बँक, विमा, ईमेल यांचे कितीतरी संदेश त्यावर येतात. प्रीपेड क्रमांक ९० दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो. मृत्यूचा दाखला देऊन तो वारसाच्या नावावर करून घेता येतो.

चौथी, किल्लीचा शोध घ्यावा: डायऱ्या, खरेदीच्या पावतीचे पाकीट, छापलेले कागद, पेनड्राइव्ह. रिकव्हरी की अनेकदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातही साठवलेली असते. निळ्या पडद्यावर किल्लीचा ओळखक्रमांक दिसतो. तो सापडलेल्या कागदावरच्या ओळखक्रमांकाशी जुळवून पाहावा.

उघडता येते म्हणून उघडावे का?

लॅपटॉप ही वस्तू वारसांकडे येते. पण आतली पत्रे गेलेल्या माणसाची आणि त्याला लिहिणाऱ्यांचीही असतात. शिवाय मालकाच्या किंवा ताबा असलेल्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याला मान्य नाही. म्हणून आम्ही आधी वहिनी आणि दोन्ही मुलांची लेखी संमती घेतली. काय शोधायचे त्याची यादी केली: पाऊस, निवृत्तिवेतन, विमा, फोटो. सर्वांसमक्ष तेवढेच घेतले. ईमेल उघडले नाही.

साठवलेला पासवर्ड सापडला तरी गेलेल्या व्यक्तीच्या खात्यातून पैसे काढू नयेत. त्यासाठी बँकेत नामनिर्देशित व्यक्तीने किंवा वारसाने अर्ज करण्याची रीत आहे. मृत्युपत्रही कागदावरच करावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक मृत्युपत्राला मान्यता दिलेली नाही.

किल्ली मागे ठेवायची कशी?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे कागद आणि पाकीट. किल्ली छापावी, पाकिटात घालून कागदपत्रांच्या कपाटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी आणि ते पाकीट कुठे आहे हे घरात सांगावे. ऑनलाइन खात्यांसाठी वेगळी सोय आहे. गूगलने २०१३ पासून अशी व्यवस्था दिली आहे, की खाते ठरावीक महिने वापरले गेले नाही तर आपण निवडलेल्या व्यक्तींना आपण निवडलेली माहिती मिळते. अ‍ॅपलने २०२१ मध्ये वारस-संपर्क नेमण्याची सोय आणली. त्या व्यक्तीला किल्ली आणि मृत्यूचा दाखला दोन्ही द्यावे लागतात. या दोन्ही गोष्टी जिवंतपणीच कराव्या लागतात.

एकाच माणसाच्या हाती किल्ली द्यायची नसेल तर? यासाठी इस्रायली गणिती अदी शमीर यांनी १९७९ साली एक सुंदर युक्ती सांगितली. तिचा सोपा प्रकार आलेख-कागदावर काढता येतो. समजा गुपित ४७ आहे. य-अक्षाला ४७ वर छेदणारी कोणतीही एक रेषा घ्या, उदाहरणार्थ य = ६क्ष + ४७. तिच्यावरचे तीन बिंदू तिघांना द्या: (१, ५३), (२, ५९), (३, ६५). कोणतेही दोघे एकत्र आले की दोन बिंदूंतून रेषा काढतात आणि ४७ मिळवतात. पण एकट्याच्या एका बिंदूतून असंख्य रेषा जातात. त्याला गुपित कळत नाही. आणि तिघांपैकी एकाचा कागद हरवला तरी काही बिघडत नाही. (प्रत्यक्षात साध्या संख्यांऐवजी भागाकाराच्या बाकीचे गणित वापरतात, म्हणजे एका बिंदूवरून अंदाजही बांधता येत नाही.)

वर्गात विचारण्यासाठी

१. ३५२७४६ हा बिटलॉकरच्या किल्लीतला गट असू शकेल का? आणि ८१३४५० असू शकेल का? कारण सांगा.

२. तिघांना (१, ८१), (२, ९३) आणि (३, १०५) हे बिंदू दिले आहेत. गुपित कोणते?

३. कोणतेही तिघे एकत्र आल्यावरच गुपित उघडावे असे वाटत असेल, तर रेषेऐवजी काय घ्यावे लागेल?

सरांच्या नोंदी आता शाळेच्या संगणकावर आहेत आणि त्यांची एक छापील प्रत ग्रंथालयात ठेवली आहे. रोज सकाळी साडेआठला नववीची मुले पाणी मोजतात. शाळेच्या संगणकाची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात आहे. पाकिटात घालण्यापूर्वी मुलांनी तिच्यातल्या आठही गटांना ११ ने भाग जातो की नाही, ते तपासून घेतले.